अर्ध्या चढणीवर

पहाटे पाचला बाबा बूट घालतात.
डावा उजव्या पायात. नाड्या मात्र नेटक्या,
बोटांना अजून सगळं ठाऊक आहे.
मग टोपी शोधतात. सातला पहिली फेरी,
खाली बंदरावर माणसं खोळंबली असतील, म्हणतात,
मासळीवाल्या, शाळेची पोरं,
आणि तो लंगडा शिंपी, ज्याला पायऱ्या झेपत नाहीत.

वाल्पाराईसोच्या या टेकडीवर
एकोणतीस वर्षं त्यांनी लिफ्ट चालवली.
लिफ्ट म्हणजे तिरक्या रुळांवरच्या लाकडी खोल्या,
एकाच दोराला दोन.
एक वर येते तेव्हाच दुसरी खाली जाते.
बंद पडून अकरा वर्षं झाली.
रुळांत आता रानबडीशेप माजते, मांजरं वितात.

मी सांगायचे. खरं तेच सांगायचे.
"बाबा, लिफ्ट बंद झाली. तुम्ही घरी असता आता."
ते खुर्चीत बसायचे, टोपी गुडघ्यावर,
आणि विचारायचे, "माझं काय चुकलं?"

कितीतरी महिने
दर पहाटे मी माझ्या बापाला
नव्याने कामावरून काढत होते.

पुढे त्यांनी टोपी शोधणं सोडलं.
मला वाटलं, सुटले.
मग जेवण सोडलं. समुद्राच्या खिडकीकडे
पाठ करून बसू लागले.
आजार पुढे सरकला, शेजारीण म्हणाली. मीही मान हलवली.
सगळंच विसरण्याच्या खात्यावर मांडून
आम्ही मोकळ्या झालो.

दवाखान्यातली यास्ना आली ती
कागद पिशवीतच ठेवून त्यांच्याजवळ बसली.
बोलली त्यांच्याशी, माझ्याशी नाही.
बराच वेळ तर नुसतीच बसली.
निघताना दारात म्हणाली,
"विसरतात हे खरं, मिरेया. पण ते खचलेतही.
दुखणी दोन आहेत. दुसऱ्यावर इलाज असतो."

इलाज म्हणजे काय, तर
न्याहारीनंतर एक छोटी गोळी.
ऊन, मिळेल तेवढं; जुलैत इथे हिवाळा,
धुकं समुद्रावरून उठतं ते थेट स्वयंपाकघरात.
गुरुवारी यास्नाच्या खोलीत मटार सोलणं:
एक म्हातारा गवंडी, एक जुनी नर्स,
आणि कुणालाच नाव न सांगणारी एक बाई.
मला वेगळा अभ्यास. दुरुस्त करू नकोस. विचार.

म्हणून परवा पहाटे विचारलं,
"दोर ताणला की आवाज कसा यायचा?"
बाबांनी डोळे मिटले. घशातून
एक लांब, गंजका सूर काढला,
मग जिभेने टक्.
"हा टक् झाला की समजायचं, मधोमध आल्या.
मी वरून बघायचो. खोल्या शेजारून जाताना
आतली माणसं एकमेकांना हात करायची.
ओळख ना पाळख."
"कोण माणसं, बाबा?"
नावं आली नाहीत. हात मात्र वर गेला.

बरे झाले असं नाही. काल मला चोर म्हणाले,
चहाचा कप भिंतीवर फुटला.
मी न्हाणीघरात नळ सोडून रडले.
यास्नाने माझ्यासाठीही वेळ लिहून दिलीय, मंगळवार, चार.
"तुझं कोण बघतं?" विचारलं होतं तिने,
आणि मला उत्तर सुचलं नव्हतं.

आज पाचला बूट वाजले तेव्हा
मीही कोट चढवला. "एक तिकीट द्या."
त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं, लेक म्हणून नव्हे,
वीजबिलाचा कोपरा फाडून हातात दिला.
"दारात उभं राहू नका, बाई. घंटा झाली."

आम्ही स्वयंपाकघरातल्या दोन खुर्च्यांवर
समोरासमोर. बाहेर धुकं.
ते वर निघाले होते की खाली, कळेना.
टक् ऐकू आलं. मी हात वर केला.

त्यांचा आधीच वर होता.